रिपोर्ट नॉर्मल, पण बेंबी थांबेना

ब्लाऊज टाकायला आलेल्या बाया माप देता देता माझ्या लेकीकडं बघतात आणि विचारतात, "हिला काय झालंय म्हणं? दिसती तर चांगली." दिसते चांगलीच. पहिलीत आहे, दुकानाच्या ओट्यावरून दिवसभर उड्या मारते, माझ्या टेपनं सगळ्या गल्लीची मापं घेते. मग मी सांगते की रक्ताची गाठ पक्की करणारं एक प्रोटीन हिच्या रक्तात जवळपास नाहीच. तेरावा फॅक्टर म्हणतात त्याला. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजे हिमोफिलिया का? तो तर पोरांना होतो, पोरींना कुठं?"

किती जणींना हे तोंडी सांगणार? दिवाळीच्या सीझनमध्ये तर बोलायलाही सवड नसते. शिवाय मागे देगलूरकडच्या एका बाईचा फोन आला, कुणाकडून तरी नंबर घेऊन. नातवाची नाळ पडली आणि रक्त थांबत नाही म्हणून. तेव्हाच ठरवलं की एकदा सगळं लिहून ठेवायचं. लेकीचं नाव मात्र लिहीत नाही. मोठी झाल्यावर तिला ते आवडेल का, हे आत्ताच मी कसं सांगू?

माझं बाळंतपण माहेरी झालं, ग्रामीण रुग्णालयात, काही त्रास न होता. जन्मल्यावर बाळाला मांडीत व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात, तसं दिलं. त्या जागी सुपारीएवढी टणक गाठ आली आणि हिरवीनिळी झाली. इंजेक्शनची गाठ येतेच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पाचवी पुजली, सटवीपुढं कोरा कागद नि पेन ठेवलं, आणि त्यानंतर नाळ सुकून पडली.

पडली त्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालणारी बाई आली, तिनं दुपटं सोडलं तर पोटावर लाल डाग. रक्त भळाभळा येत नव्हतं. पुसलं की बेंबी कोरडी व्हायची. जरा वेळानं बघावं तर खळग्याच्या कडेला एक थेंब जमलेला. तो पुसावा, की दुसरा. आईनं हळद दाबली, त्या बाईनं वेखंड उगाळून लावलं. मी अस्तराच्या धुतलेल्या कापडाचे चौकोन कापून ठेवले होते, ते संपायला लागले. रात्रीपर्यंत थांबायचं, सगळे सुटकेचा श्वास सोडायचे, नि पहाटे परत सुरू.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बेंबीला टाका घालून बांधली आणि रक्त तपासायला पाठवलं. प्लेटलेट बघितल्या, पीटी बघितला, एपीटीटी बघितला. रक्त गोठतंय की नाही हे बघायचं म्हटलं की सगळीकडे याच तपासण्या होतात. सगळ्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, जंतुसंसर्ग असेल, अँटिबायोटिक देऊ. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आनंद व्हायला पाहिजे. मला तर त्या कागदाचा रागच आला, कारण तोवर टाक्याच्या बाजूनं रक्त पुन्हा पाझरायला लागलं होतं.

शेवटी दुसऱ्या एका दवाखान्यात बाळाला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, चढवला आणि रक्त थांबलं. एकदम थांबलं, पुन्हा आलंच नाही. लांबलेलं बारसं मग थाटात केलं आणि त्याच दिवशी सोनाराला बोलावून कान टोचले. दोन्ही कानांत सोन्याची तार गेली, पण ठिपक्याएवढंच रक्त आलं. माझी आई म्हणाली, बघ, आता लेकरू ठणठणीत झालं. आम्हीही तसंच समजलो. हे कान टोचणं आमच्या डोक्यात पुढं किती काळ बसून राहिलं! काहीही झालं की कुणीतरी म्हणायचं, रक्ताचा आजार असता तर कान टोचताना नसतं का दिसलं?

ते का दिसलं नाही हे कळायला पुष्कळ वेळ गेला. प्लाझ्मातून जो तेरावा फॅक्टर बाळाच्या अंगात गेला, तो रक्तात बराच काळ टिकतो. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला नऊ ते बारा दिवस लागतात. बारसं झालं तेव्हा तो थोडाफार शिल्लक होता आणि टाचणीएवढ्या भोकाला तेवढा पुरला. उसन्या रक्तावर कान टोचून घेतले पोरीनं.

बाळ रांगायला लागलं आणि मग एकेक सुरू झालं. गुडघ्यांवर काळेनिळे डाग. पाळण्याच्या दांडीवर ओठ आपटला, थोडं रक्त आलं, साखर लावली, थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध पिताना तोच ओठ आतून परत वाहायला लागला आणि तासन्‌तास थांबेना. बाळ रक्त गिळत होतं, नंतर काळी शी झाली. एकदा कपाळ उंबऱ्यावर आपटलं. त्या दिवशी बारीक टेंगूळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावर उतरलेली लिंबाएवढी सूज. प्रत्येक वेळी तीच तऱ्हा. लागलं त्या दिवशी सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी गोंधळ. डॉक्टरकडं गेलं की विचारायचे, कधी लागलं? काल, म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं की ही बाई काहीतरी लपवतेय. एका ठिकाणी तर नर्सबाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, घरात कुणी लेकराला मारतं का?

लातूरच्या एका तरुण बालरोगतज्ज्ञांनी डागांवर बोट ठेवत आधी नात्याबद्दल विचारलं. "तुमचं लग्न नात्यात झालंय का?" मी म्हटलं, सख्ख्या आत्याच्या घरात दिलंय मला, सासूच आत्या आहे. मग त्यांनी विचारलं, नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त गेलं होतं का? मी फाईल पुढं केली. त्यांनी सगळे नॉर्मल रिपोर्ट वाचले आणि म्हणाले, हे नॉर्मल आहेत म्हणूनच मला एक वेगळी तपासणी करायचीय.

मला वाटलं यांत्रिक काहीतरी असेल, तर तसं काहीच नाही, ती तपासणी अगदी साधी आहे. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, त्यातल्या प्लाझ्माची गाठ, म्हणजे गुठळी, करतात आणि ती गाठ युरियाच्या दाट द्रावणात सोडून ठेवतात. आपण शेतात टाकतो तोच युरिया, फक्त शुद्ध. निरोगी माणसाची गाठ त्यात चोवीस तासांनंतरही तशीच राहते. ज्याच्याकडं तेरावा फॅक्टर नाही, त्याची गाठ विरघळून जाते. माझ्या लेकीची विरघळली.

नमुना घेण्याआधी त्यांनी दोनदा विचारून घेतलं होतं की अलीकडं रक्त किंवा प्लाझ्मा चढवलाय का. चढवला असेल तर बाहेरून आलेल्या फॅक्टरमुळं गाठ टिकते, तपासणी चांगली येते आणि आजार लपतो. म्हणून नाळेतून रक्त जाणाऱ्या लेकराला प्लाझ्मा चढवण्याआधी एक नळी बाजूला काढून ठेवावी. देगलूरच्या बाईला मी फोनवर सगळ्यात आधी हेच सांगितलं.

गाठ का विरघळते, हे डॉक्टरांनी मला माझ्याच धंद्यातून सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही ब्लाऊज शिवताना आधी कच्चा टाका मारता ना? जखम झाली की रक्तातले फॅक्टर एकामागोमाग एक कामाला लागतात, शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तयार होते आणि रक्त थांबतं. पण ती जाळी कच्च्या टाक्याची. तेरावा फॅक्टर येऊन त्या धाग्यांना एकमेकांत पक्कं शिवतो. शरीरात जुन्या गाठी उसवणारे पदार्थही असतात, त्यांनी लगेच हात घालू नये म्हणून राखण करणारं एक प्रोटीनही तो जाळीला जोडून ठेवतो. तो नसला तर अंगात घातलेला कपडा पहिल्यांदा नीट बसतो, आणि हात वर केला की बगलेतून उसवतो. मला एका झटक्यात कळलं. लागलं त्या दिवशी ठीक, दुसऱ्या दिवशी गोंधळ! आणि नॉर्मल रिपोर्टचंही कळलं. पीटी, एपीटीटीमध्ये गाठ व्हायला किती सेकंद लागले तेवढं मोजतात. गाठ झाली की मोजणं बंद. पुढं ती टिकली का उसवली, हे त्या तपासणीत कुणी बघतच नाही.

गोठवणाऱ्या फॅक्टरांना रोमन आकडे दिलेत, एक ते तेरा. मधला सहावा नाहीच, आधी दिला होता तो नंतर काढून टाकला. तेरावा सगळ्यात शेवटचा. १९४८ साली लाकी आणि लोरँड या मूळच्या हंगेरीच्या दोन शास्त्रज्ञांनी तो असल्याचं दाखवलं, तेही युरियात गाठ विरघळते की नाही हे बघूनच. त्याच्या कमतरतेचा पहिला रुग्ण १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये नोंदवला गेला, एक लहान मुलगा. वीस ते तीस लाखांत एकाला हा आजार असतो असं सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती, म्हणजे अख्ख्या राज्यात मिळून चाळीस-पन्नास माणसं. पण हा हिशोब नात्यात लग्न न करणाऱ्यांचा. आमच्याकडं तो लागू होत नाही.

आता आत्याचं सांगते. निदान झाल्यावर घरी आलो, आणि मी घाबरत होते की सासू काय म्हणेल. सुनेच्या पोटी असं लेकरू, वर पोरगी. आत्या चुलीपुढं बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या धाकट्या भावाला असंच झालं होतं की गं. बेंबीतून रगत गेलं, गेलंच. मायनं काय काय लावलं. बाराव्याच्या आधीच गेलं लेकरू. सटवीनं नेलं म्हणले सगळे." माझ्या बापाचा एक भाऊ असा गेला होता हे मला माहीतच नव्हतं. घरात कुणी त्याचं नाव घेत नसे, कारण नाव ठेवायच्या आतच गेला होता.

माझा आजा आणि आजी हेही एकमेकांच्या नात्यातलेच. आजीला मामाच्या घरी दिलेलं. तेरावा फॅक्टर कसा बनवायचा हे सांगणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडं दोन प्रती असतात. म्हणजे दोघांकडं त्यातली एकेक बिघडलेली असावी. अशा माणसाला स्वतःला त्रास होत नाही, त्याला वाहक म्हणतात. दोन्ही आईबाप वाहक असले तर दर खेपेला चारातली एक शक्यता असते की लेकराला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. आजीच्या त्या लेकराची तपासणी कुणी केलेली नाही, त्यामुळं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. पण माझ्या बापाकडून ती प्रत मला आली, आत्याकडून माझ्या नवऱ्याला गेली, आणि आमच्या लग्नात दोन्ही परत एका घरात आल्या. हिमोफिलियाचं तसं नाही. तो आईकडून येतो आणि बहुतेक पोरांनाच होतो. हा आजार पोरगा-पोरगी बघत नाही.

आमच्याकडं आत्याच्या घरात भाची देणं, मामाची पोरगी करणं याला लोक चांगलं समजतात. लातूर, नांदेड, धाराशिव, पलीकडं बिदर, निजामाबाद, या सगळ्या पट्ट्यात. काही घरांत तर मामाच भाचीला करून घेतो. घरातली पोरगी घरात राहते, सासू छळत नाही, हुंडा कमी, जमीन फुटत नाही. मी स्वतः याचा फायदा घेतलाय. आत्यानं मला बाळंतपणानंतर मशीनवर बसू दिलं, दुकान काढायला बांगड्या मोडून दिल्या. दुसरी सासू असती तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. त्यामुळं शिकलेले लोक जेव्हा तोंड वाकडं करून म्हणतात, "नात्यात केलं ना, मग होणारच," तेव्हा माझं डोकं फिरतं. नात्यात लग्न झालेल्या बहुतेक घरांत लेकरं धडधाकटच असतात. पण ज्या घरात एक लेकरू बेंबीच्या रक्तानं गेलंय, त्या घरानं पुढचं लग्न जुळवताना पत्रिकेआधी रक्त बघावं, एवढं मी आता कुणाच्याही तोंडावर बोलते.

उपचार काय, असं सगळे विचारतात. जे नाही ते बाहेरून द्यायचं, आयुष्यभर. परदेशात तेराव्या फॅक्टरची भुकटी मिळते, विषाणू मारलेली, पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. ती महाग, आणि आपल्याकडं पाहिजे तेव्हा हाताशी असेलच असं नाही. आमचं काम क्रायोवर चालतं. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला की तळाशी पांढरट साका राहतो, तो म्हणजे क्रायो. त्यात फायब्रिनचे धागे ज्यातून होतात ते फायब्रिनोजेन असतं, आठवा फॅक्टर असतो आणि आमचा तेरावाही. लहानशी पिशवी, पिवळसर गढूळ, चार-सहा चमच्यांएवढी. लेकीच्या वजनाला दोन लागतात. दर चार आठवड्यांनी.

चार आठवड्यांनी पुरतं, ही या आजाराची एकच मेहेरबानी. हिमोफिलियातल्या आठव्या फॅक्टरचं प्रमाण अर्ध्या दिवसातच निम्म्यावर येतं, त्यामुळं त्या पोरांना आठवड्यातून दोन-तीनदा सुई लागते. आम्हाला महिन्यातून एकदा, कारण हा फॅक्टर टिकतो आणि लागतोही थोडा. रक्तात शेकडा पाच जरी राहिला तरी आपोआप होणारे मोठे रक्तस्राव बहुतेक टळतात.

आणि महिना चुकवायचा का नाही, तर त्याचं कारण डोकं आहे. रक्त न थांबण्याच्या जन्मजात आजारांत मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण या आजारात सगळ्यात जास्त, उपचार नसतील तर शंभरातल्या तिसेक रुग्णांना कधी ना कधी होतो. काही वेळा मार न लागताही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझा नवरा खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभा राहिला. त्यामुळं ठरलेल्या तारखेला लग्न असो, पोळा असो, आम्ही सकाळच्या एसटीनं निघतो. नळेगाव येईपर्यंत पोरगी झोपलेली, लातूर आलं की उठून विचारते, आज कोणता हात?

शीर सापडणं हे वेगळंच प्रकरण आहे. लहानपणी गुबगुबीत हातात शीर दिसायचीच नाही. आता ती स्वतः सांगते, "डाव्या हाताची ही घ्या, ती पळती." सुई काढल्यावर कापसाचा बोळा मी दाबून धरते, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाबते. नर्स म्हणतात, बास झालं. मी ऐकत नाही. एकदा अंगावर गांध्या उठल्या, तेव्हापासून आधी ॲलर्जीचं औषध देतात. रक्तकेंद्रात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. तरी इतक्या माणसांचं रक्त अंगात जातं म्हटल्यावर मनात खुटखुट राहतेच. बी काविळीची लस दिलीय. लसी सगळ्या दिल्यात, पण बारीक सुईनं, आणि नंतर बर्फ लावून बराच वेळ दाबून. आणि लस शक्यतो क्रायोनंतरच्या दोन-चार दिवसांत.

वारंवार रक्त लागणाऱ्या रुग्णांना, म्हणजे थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया आणि असेच इतर रक्तविकार असणाऱ्यांना, रक्तकेंद्रानं रक्त मोफत द्यायचं असा नियम आहे. हे मला फार उशिरा कळलं. चिठ्ठीवर आजाराचं नाव स्पष्ट लिहून घ्या. मी तर चिठ्ठीला प्लास्टिक लावून घेतलंय.

दिव्यांगाच्या दाखल्याचं मात्र घोडं अडलंय. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत. हिमोफिलियाची व्याख्याच अशी की बहुधा फक्त पुरुषांना होणारा, बाईकडून तिच्या मुलाकडं जाणारा आजार. टेबलामागच्या साहेबांनी ती ओळ मला वाचून दाखवली, वर चष्म्यातून बघितलं आणि म्हणाले, "तुमची तर मुलगी आहे." मी म्हटलं, साहेब, तिचं रक्त तरी बघा. फाईल अजून फिरतेय. कायदा लिहिणारे पोरींचं रक्त वाहतच नाही असं धरून चालले असावेत.

शाळेत मी दोन गोष्टी बजावून ठेवल्यात. डोक्याला काहीही लागलं तर ती हसत-खेळत असली तरी आधी मला फोन. "काही नाही हो, खेळतेय," हे या पोरीच्या बाबतीत चालत नाही, कारण खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळतं. डोकं दुखतंय म्हणाली, उलटी झाली, जास्त झोपायला लागली तर लातूर, थेट. आणि दुसरं, ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय काही द्यायचं नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लॅम यांनी रक्त आणखी पातळ होतं. गावातल्या डॉक्टरांकडं कंबरेत इंजेक्शन मारून घ्यायची पद्धत आहे, तेही बंद. बाई चांगल्या आहेत, त्यांनी वर्गाच्या भिंतीवर माझा नंबर लिहून ठेवलाय. मात्र सुरुवातीला तिला खेळाच्या तासाला बसवून ठेवायचे. मी जाऊन सांगितलं, खो-खो खेळू द्या, कबड्डी तेवढी नको.

आता दात पडायला लागलेत. हलणारा दात दिसला की माझ्या पोटात गोळा. पहिला दात नेमका क्रायोच्या आधीच्या आठवड्यात पडला. ट्रॅनेक्सामिकची, म्हणजे गाठ उसवू न देणारी, गोळी पाण्यात विरघळवून त्या पाण्यानं गुळण्या करायच्या, चूळ भरून ठेवायची, गरम-टणक काही खायचं नाही. तिला दोन दिवस गार पेज खावी लागली म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. दात तिनं छपरावर टाकायला आत्याकडं दिला. आत्यानं टाकला, नि मला हळूच म्हणाली, "लई रगत गेलं तर नाही ना गं?" जावळ काढतानाही तिनंच वस्तरा नको म्हणून न्हाव्याला मशीन आणायला लावलं होतं. देवाला कळतं म्हणे.

पुढचं पुढं. पाळी येईल तेव्हा आहेच. डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलंय की तेरावा फॅक्टर नसलेल्या बायकांचा गर्भ टिकत नाही, पुन्हा पुन्हा पडतो, पण गरोदरपणात फॅक्टर वेळच्या वेळी देत राहिलं तर बाळंतपण होतं. हे कळल्यापासून आमच्या गोतावळ्यात कुणाला "हिची कूस धरत नाही" म्हटलेलं ऐकलं की मी हातातली कात्री खाली ठेवते.

मुंबईला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, रक्ताच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, एनआयआयएच. तिथं आम्हा तिघांचं रक्त तपासून जनुकातला बिघाड नेमका कुठं आहे ते शोधलं. युरियाच्या तपासणीत वाहक माणूस सापडत नाही, त्याची गाठ टिकते. पण घराण्यातला बिघाड एकदा कळला की बाकीच्यांचं एका नळीत होतं. आम्हाला दुसरं मूल हवं असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वारेचा तुकडा तपासून सांगता येतं. हवं का नको, ते आमचं अजून ठरत नाहीये. आत्याला हवंय.

याच काळात दिराचं लग्न निघालं, आणि स्थळ कुणाचं, तर माझ्या चुलत बहिणीचं. माझ्याच चुलत्याची पोरगी, म्हणजे आत्याची भाचीच. दोघं एकमेकांना लहानपणापासून ओळखतात, आवडतातही. मी आत्याला म्हटलं, दोघांचं रक्त आधी बघू. आत्या दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी दिराला म्हणाली, "जा, देऊन ये." दीर निघाला वाहक. चुलत्याला सांगितलं तर तो भडकला. "आमच्या पोरीला काय धाड भरलीय? उद्या गावभर होईल, कोण करील तिला?" मी समजावलं की ती वाहक नसेल तर काहीच अडचण नाही, आणि ती असली तरी तिला स्वतःला काही होत नाही, नात्याबाहेर दिली तर लेकरांनाही होणं अवघडच. चुलता म्हणाला, तुझं शिवणकाम बघ.

गेल्या आठवड्यात चुलत बहिणीनंच फोन केला, घराबाहेर येऊन बोलत असावी. किती रक्त काढतात, कुठं द्यायचं, नि बापाला कळेल का? मी म्हटलं, जांभळ्या झाकणाची एक नळी, दुखत नाही. आम्ही क्रायोला जाऊ त्या दिवशी लातूरला ये, डॉक्टरांना सांगून ठेवते, एसटीचं भाडं माझ्याकडं. बापाला काय सांगायचं ते तुझं तू बघ, हवं तर म्हण, अक्काकडं ब्लाऊज टाकायला चाललेय.